चिन्ह बसवणं सोपं, रुजवणं अवघड : रुपया, अर्धा र आणि आपल्या सरकारी फायली

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण संबंध थेट आपल्या नगरपालिकेशी, पंचायत समितीशी आणि तुमच्या-माझ्या कागदपत्रांशी आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक छोटा प्रयोग. २०१०-११च्या सुमाराची एखादी टेंडर नोटीस किंवा कंपनीचा ताळेबंद पीडीएफमध्ये शोधा. स्क्रीनवर रुपयाचं चिन्ह छान दिसत असेल. आता ती ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत टाका. बऱ्याच फायलींत रुपयाचं चिन्ह गायब होतं आणि त्याच्या जागी एक बारीकसा तिरका फटकारा उमटतो. कीबोर्डवर टॅबच्या वर, एकच्या शेजारी जी कोणी न वापरलेली की असते ना, तोच तो फटकारा.

डोळ्यांना रुपया दिसतो, पण फाइलच्या पोटात रुपया नाहीच. हे झालं कसं, आणि आज पंधरा वर्षांनी ते आपल्याला का छळतंय, हा आजच्या पोस्टचा विषय.

रुपयाच्या चिन्हाची तारीख पक्की आहे : १५ जुलै २०१०. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं चिन्ह मंजूर केलं. २००९मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली होती, तीन हजारांहून जास्त नमुने आले, पाच शेवटच्या फेरीत गेले आणि डी. उदयकुमार यांचा नमुना निवडला गेला. ते मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ, वर शिरोरेघ, खाली दुसरी रेघ. त्याआधी आपण 'रु.' लिहायचो, इंग्रजीत 'आरएस'. आजही चेक लिहिताना पुढे 'रु.' आणि मागे तिरकी रेघ-डॅश टाकल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, तो भाग वेगळा.

चिन्ह जाहीर झालं, टीव्हीवर झळकलं, पेपरात मोठं छापून आलं. पण ते टाइप कसं करायचं? एकाही कीबोर्डवर ते नव्हतं, एकाही फॉन्टमध्ये नव्हतं. अर्थमंत्र्यांना भाषणात दाखवता आलं, पण त्यांच्याच खात्यातल्या क्लार्कला पत्रात टाकता येईना.

अशा वेळी भारतीय डोकं जे करतं तेच झालं. मंगळूरच्या फोराडियन टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने लगेच एक मोफत फॉन्ट काढला. फॉन्ट टाका, टॅबच्या वरची की दाबा, रुपया हजर. देशभर लोकांनी तो उतरवून घेतला. कंपनीने हे चांगल्या हेतूने केलं, आणि त्या घडीला दुसरा उपायही नव्हता. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण त्या युक्तीत काय दडलं होतं, ते समजून घेऊ.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. तुम्ही एखादी की दाबली की फाइलमध्ये एक क्रमांक जातो. तो क्रमांक पडद्यावर कसा दिसायचा, हे फॉन्ट ठरवतो. क्रमांक म्हणजे माणूस, फॉन्ट म्हणजे त्याचे कपडे. तिरक्या फटकाऱ्याचा क्रमांक ९६. नव्या फॉन्टने एवढंच केलं की ९६ क्रमांकाच्या माणसाला रुपयाचे कपडे चढवले. तुमच्या संगणकात ते कपडे आहेत तोवर रुपया दिसणार. फाइल दुसऱ्याकडे गेली, त्याच्याकडे तो फॉन्ट नाही, की माणूस मूळ रूपात उभा. 'पाचशे रुपये'चे झाले 'फटकारा पाचशे'.

पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधून पाठवता येतो, त्यामुळे दिसायला ठीक दिसतं. पण शोधायला गेलात, कॉपी करायला गेलात की पुन्हा ९६.

खरं काम दुसरीकडे चालू होतं. जगातल्या सगळ्या लिप्यांना आणि चिन्हांना एकेक कायमचा क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये तिची सहावी आवृत्ती आली आणि तिच्यात आपल्या रुपयाला स्वतःचा क्रमांक मिळाला. जाहीर झाल्यापासून अवघ्या तीन महिन्यांत! अशा कामांच्या मानाने हा वेग अफाट. मग मे २०११मध्ये विंडोजसाठी सुधारणा आली, त्याच वर्षी नवं चिन्ह असलेली नाणीही आली, पुढे मोबाइल आले, कीबोर्डवर चारच्या कीवर रुपया बसला. आज तुम्ही फोनवरून रुपयाचं चिन्ह पाठवता आणि ते अमेरिकेतल्या भाच्यालाही तसंच दिसतं, ते त्या क्रमांकामुळे.

युरोचं उदाहरण बघा. युरोचं चिन्ह १९९६मध्ये दाखवलं गेलं, युनिकोडमध्ये १९९८ला गेलं, चलन सुरू झालं १ जानेवारी १९९९ला आणि नोटा हातात आल्या २००२मध्ये. म्हणजे नोट छापण्याच्या कितीतरी आधी अक्षराची सोय. आपण आधी सनई वाजवली, मांडव नंतर घातला. त्या मधल्या काळात जन्मलेल्या फायली मात्र तशाच राहिल्या. त्या आपोआप दुरुस्त होत नाहीत.

आता थोडं मागे जाऊ, कारण हवं ते चिन्ह आपल्या लिखाणात बसवायची खटपट संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापलं आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या देवनागरी टाइपाचा दबदबा पुढे कित्येक दशकं राहिला. देवनागरी छापायची म्हणजे शेकडो खिळे लागायचे. साधी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, मात्रा, वेलांट्या. टिळकांनीही 'केसरी'चा व्याप सांभाळून हे खिळे कमी कसे करता येतील यावर डोकं चालवलं होतं. सावरकरांनी तर 'अ'चीच बाराखडी सुचवली, 'इ'ऐवजी 'अ'ला वेलांटी. काही पुस्तकं तशी छापलीही गेली. पण लोकांनी ती उचलली नाही आणि ती मागे पडली. म्हणजे चिन्ह कितीही सोयीचं असो, चारचौघांनी मान्य करावं लागतं.

छापखान्याच्या काळात एक मोठी सोय होती, ती आज आपल्या लक्षात येत नाही. कंपोझिटरला एखादं वेगळं चिन्ह हवं असेल तर नवा खिळा पाडून घ्यायचा, चौकटीत बसवायचा, छापायचं. काम संपलं. वाचकाच्या घरी तो खिळा असायची गरज नव्हती. कागदावर शाई उमटली की कागद स्वतंत्र. १८३१चं पंचांग आज हातात घेतलंत तर ते वाचायला गणपत कृष्णाजींचे खिळे लागत नाहीत, फक्त डोळे लागतात.

संगणकाच्या फाइलचं तसं नाही. तिच्यासोबत खिळाही जिवंत राहावा लागतो. हा फरक ज्यांना लवकर कळला, त्यांतल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. संगणकशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथराज प्रसिद्ध आहे. पहिले खंड जुन्या पद्धतीने, शिशाच्या खिळ्यांनी छापलेले. १९७७मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती नव्या फोटो पद्धतीने जुळवलेली. ती बघून गडी नाराज झाला. गणिताची चिन्हं बेंगरूळ, अक्षरं वेडीवाकडी. दुसरा कोणी प्रकाशकाला चार पत्रं लिहून गप्प बसला असता. यांनी ग्रंथाचं काम बाजूला ठेवलं आणि मजकूर जुळवणारी स्वतःची आज्ञावलीच लिहायला घेतली. तिचं नाव 'टेक', शेवटचा उच्चार 'ख'कडे झुकणारा, कारण शब्द ग्रीक आहे. सोबत अक्षरं घडवायला 'मेटाफॉन्ट' नावाची दुसरी आज्ञावली. तिच्यात अक्षराचं वळण गणिताच्या समीकरणांनी सांगायचं. रोमन 'एस'च्या वळणाने तर त्यांना इतकं दमवलं की त्या एका अक्षरावर त्यांनी १९८०मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. थोड्या दिवसांचं वाटलेलं हे काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर 'लेटेक' रचलं आणि आज जगभरचे गणिती, भौतिकशास्त्रज्ञ त्यातच आपले निबंध लिहितात.

आपल्या मुद्द्यासाठी त्यातली एक गोष्ट महत्त्वाची. तिथे नवं चिन्ह घालायचं असेल तर त्याला आधी नाव द्यावं लागतं. फाइलमध्ये चित्र जात नाही, नाव जातं. एक तिरकी रेघ आणि पुढे साध्या अक्षरांत शब्द, समजा 'रुपी'. छापताना त्या नावाच्या जागी चिन्ह उमटतं. उद्या तो फॉन्ट हरवला तरी फाइल उघडणाऱ्या माणसाला शब्द वाचता येतो, त्याला कळतं की इथे रुपया अभिप्रेत होता. नवा फॉन्ट जोडला की चिन्ह परत. रुपया आला तेव्हा लेटेकवाल्यांनी हेच केलं, चिन्हाचं छोटं पॅकेज काढलं आणि आत नाव ठेवलं.

चिन्ह घालायच्या दोन पद्धती समोर ठेवा. एक, दुसऱ्याच्या क्रमांकाला आपले कपडे घालणं. दुसरी, नाव लावून नवा माणूस उभा करणं. पहिली दहा मिनिटांत होते, दुसरीला थोडा जास्त वेळ लागतो. पण पहिलीचं कर्ज पुढच्या पिढीच्या नावावर चढतं.

या टेकमध्ये देवनागरी आणायचं मोठं काम कुणी केलं माहितेय? फ्रान्स वेल्टहाउस नावाच्या डच माणसाने, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे बसून. रोमन अक्षरांत टाइप करायचं, छापून देवनागरी येणार. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे त्या संचात देवनागरीची मुंबई वळणाची आणि कलकत्ता वळणाची अक्षरं वेगवेगळी उपलब्ध आहेत. 'अ' आणि 'झ' आपल्याकडे कसे काढतात आणि तिकडे कसे, हा फरक त्या संचात जपला गेला. त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे डीटीपीचं युग अवतरलं होतं. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावापर्यंत संगणक पोचले. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकं, सगळं पडद्यावर जुळू लागलं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो तेव्हा कंपोझिटरच्या जागी ऑपरेटर बसलेला होता. आम्ही हाताने लिहिलेली बातमी द्यायचो आणि तो रेमिंग्टनच्या मांडणीवर धडाधड टाइप करायचा. मराठी टायपिंगच्या परीक्षा त्याच मांडणीवर होत असल्याने बोटं तयारच होती.

त्या मराठी फॉन्टांत जे घडलं ते रुपयाच्या त्या फॉन्टसारखंच, फक्त शेकडो पटींनी मोठं. फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं. त्यातली काही आधीच अडवलेली. देवनागरीचे शेकडो आकार तिथे मावणार कसे? म्हणून अक्षरं फोडली. अर्धा ग एका घरात, काना दुसऱ्या घरात, दोन्ही शेजारी ठेवले की 'ग'. फोडायचं कसं आणि कुठला तुकडा कुठल्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही फरक असायचा. फाइलच्या पोटात होती ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून कपडे मराठीचे. फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

असं नाही की सरकारला दिसत नव्हतं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१मध्ये भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' नावाचं मानक ठरवलं, ज्यात भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना समान क्रमांक होते. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली. म्हणजे पाया आपल्याच लोकांनी घातला होता. पण बाजारात चाललं ते झटपट काम. छपाईला सुंदर दिसतंय ना? मग आत काय आहे ते कोण बघतो!

त्याची किंमत आता दिसते. आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाचे जवळपास दहा वर्षांचे अंक सीडीवर आहेत. नाव घेत नाही. फायली शाबूत आहेत. पण ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे एक छोटं कुलूप, म्हणजे डोंगल, लावावं लागायचं. ते कुलूप हरवलं, ज्या जुन्या मशीनमध्ये ते बसायचं ती मशीन भंगारात गेली. दहा वर्षांच्या ग्रामसभा, दुष्काळ, निवडणुका, कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाची बातमी, सगळं इंग्रजी चिवड्यात बंद. काही फॉन्टांसाठी रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, पण त्यांनाही प्रत्येक फॉन्टचा वेगळा नकाशा लागतो, आणि रूपांतर झाल्यावर माणसाने बसून तपासावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी तर हमखास जागा सोडून पळते.

गंमत म्हणजे त्याच साप्ताहिकाचे त्याआधीचे, खिळ्यांवर छापलेले अंक वाचनालयात आहेत आणि कुणीही वाचू शकतो. पिवळे पडलेत, कडा झिजल्यात, पण वाचता येतात.

कुणी म्हणेल, युनिकोड आलं, आता प्रश्न मिटला. मिटला, पण आपोआप नाही. मराठीच्या काही अक्षरांना तिथे जागा मिळायलाही वेळ लागला.

'ॲ' घ्या. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲम्ब्युलन्स' लिहिताना आपण 'अ'वर चंद्र काढतो. युनिकोडमध्ये सुरुवातीपासून होता तो 'ए'वर चंद्र असलेला 'ऍ'. मराठी पद्धतीचा 'ॲ' २००८मध्ये आला, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. तोवर आपण एक तर 'ऍ' लिहायचो, नाही तर 'अ'ला काहीतरी चिकटवायचो. म्हणून आजही 'ऍम्ब्युलन्स' शोधलं तर 'ॲम्ब्युलन्स' सापडेलच असं नाही. शब्द एक, क्रमांक दोन.

दुसरं अक्षर त्याहून नाजूक. 'आचार्यास बोलाव' आणि 'आचाऱ्यास बोलाव'. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी येईल. फरक फक्त अर्ध्या र चा. एकीकडे वर रफार, दुसरीकडे पोटात आडवा वळलेला अर्धा र. हिंदीवाल्याला हा फरक लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सोयीत तो सहज निसटतो. युनिकोडमध्ये तो लिहायचा नियम आहे, नुक्ता असलेल्या 'ऱ' ला पाय मोडून पुढचं अक्षर. पण ऑपरेटरला कुणी शिकवलेलंच नसेल तर तो 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच करून टाकतो. मग डोंगराच्या दऱ्यांत समुद्र शिरतो.

तिसरं, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं. राज्य सरकारने २००९मध्ये मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढून ही वळणं आणि 'ॲ', 'ऑ' पक्के केले. 'ल' चा क्रमांक हिंदी-मराठीला एकच. पण चांगल्या फॉन्टमध्ये मजकूर मराठी आहे असं सांगितलं की आपल्या वळणाचा 'ल' उमटतो. इथे क्रमांक बदलायची गरज नाही, कपडे बदलले की पुरे. कुठे क्रमांक हवा आणि कुठे नुसतं वळण, हे ठरवायला जाणकार माणसं बसावी लागतात.

आपली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली. त्यासाठी अंशुमन पांडे यांनी रीतसर प्रस्ताव मांडला, जुन्या कागदांचे नमुने जोडले. नवं चिन्ह हवं असेल तर असाच पुरावा द्यावा लागतो. कोण वापरतं, कुठे छापलंय, वेगळा क्रमांक का हवा. कुणाच्या लहरीवर नाही. मोडीचं महत्त्व आपल्याला २०२३मध्ये चांगलंच कळलं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावर आज माणसांच्या दाखल्यांचा निकाल लागतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. मग आज आपण जे कागद तयार करतोय, ते शंभर वर्षांनी कोण वाचणार आणि कसं?

जपानने हा त्रास आपल्याही आधी भोगलाय. तिथे आडनावांची अक्षरं एवढ्या वेगवेगळ्या वळणांची की नगरपालिका आपापल्या संगणकात स्वतःची अक्षरं बनवून बसवायच्या. त्याला ते 'गाइजी' म्हणतात, म्हणजे बाहेरचं अक्षर. एका गावाने बनवलेलं अक्षर दुसऱ्या गावात गेलं की रिकामी चौकट. शेवटी सरकारला पुढाकार घेऊन सुमारे साठ हजार अक्षरांची एकत्र यादी करावी लागली. त्यांनी गावोगावच्या नोंदी एका यादीत आणल्या, कारण प्रश्न माणसाच्या नावाचा होता.

आता आपल्या दारात या. घरकुलाची यादी, नुकसानभरपाईची यादी, प्रभागरचनेची अधिसूचना. पीडीएफ येते. त्यात स्वतःचं नाव शोधून बघा. कित्येक वेळा 'सापडलं नाही' असं येतं, आणि नाव मात्र चौथ्या पानावर ढळढळीत छापलेलं असतं. कारण एक तर तो कागदाचा फोटो असतो, नाही तर जुन्या फॉन्टचा चिवडा. दोनशे पानांच्या यादीत बोट फिरवत बसायचं कुणी? जो रोज मजुरीला जातो त्याने?

माहितीचा अधिकार कायदा २००५चं कलम ४ सांगतं की सरकारी कार्यालयांनी आपल्या नोंदी वर्गवारी आणि सूची करून ठेवाव्यात, आणि शक्य त्या संगणकावर आणाव्यात, म्हणजे लोकांना त्या सहज मिळतील. ज्या फाइलमध्ये नागरिकाला स्वतःचं नाव शोधता येत नाही, ती संगणकावर असून नसल्यासारखीच. माझ्या मते ते कलम ४चं पालन नाही. कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा.

म्हणून आपल्या नगरपालिकेकडे आणि पंचायत समितीकडे तीन मागण्या कराव्यात असं मी सुचवतो.

एक, संकेतस्थळावर टाकलेली प्रत्येक यादी युनिकोडमध्ये असावी. टाकण्याआधी क्लार्कने एखादं नाव शोधून बघावं. सापडलं तरच चढवावी. खर्च शून्य.

दोन, जुन्या फॉन्टमधल्या फायली ज्या मशीनवर उघडतात ती मशीन, ते सॉफ्टवेअर आणि ते कुलूप भंगारात काढण्याआधी त्या फायलींचं रूपांतर करावं. आणि तोवर निदान कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे याची वहीत नोंद ठेवावी. नकाशा असेल तर उद्या कुणीतरी रस्ता काढेल.

तीन, ठेका देताना अट घालावी की काम युनिकोडमध्येच स्वीकारलं जाईल. राज्य सरकारच्या युनिकोड वापरण्याच्या सूचना आहेतच. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

आणि आपल्यासाठीही एक. डीटीपीवाले मित्र ही पोस्ट वाचत असतील. तुम्हाला एखादं खास चिन्ह लागतंच. मंडळाचं, देवस्थानचं, सहकारी संस्थेचं. जरूर बनवा. युनिकोडमध्ये अशा घरगुती चिन्हांसाठी खासगी वापराची ६,४०० घरं मुद्दाम मोकळी सोडलेली आहेत. तिथे बसवा, किंवा सरळ चित्र म्हणून लावा आणि शेजारी त्याचं नाव अक्षरांत लिहा. फक्त दुसऱ्या अक्षराच्या घरात घुसवू नका. रुपया हवा असेल तर तो आता प्रत्येक मशीनमध्ये आहे, टॅबच्या वरच्या कीला विश्रांती द्या.

उदयकुमारांनी रुपयाचं चिन्ह काढलं हे शाळेतल्या पोरांनाही सामान्यज्ञानासाठी पाठ असतं. त्या चिन्हाला क्रमांक मिळवून देणारे, फॉन्टमध्ये बसवणारे, कीबोर्डवर आणणारे लोक कुणाला माहीत नाहीत. पण त्यांच्यामुळेच ते चिन्ह टीव्हीवरून तुमच्या बिलावर आलं. गावगाड्यातही असंच असतं. उद्घाटनाची फीत कापणाऱ्याचा फोटो येतो, नळाला पाणी आणणारा वायरमन आणि फिटर फोटोत नसतो.

ज्यांच्याकडे जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली पडून आहेत, साप्ताहिकाच्या असोत, संस्थेच्या इतिवृत्ताच्या असोत की घराण्याच्या वंशावळीच्या, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत त्या उघडून बघा. अजून उघडत असतील तर पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.

पटलं तर पुढे पाठवा. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकालाही.

#मराठी #युनिकोड #माहितीचा_अधिकार #आपलं_गाव